पडद्याआडून ऐकलेला वाद

माझा नवरा मुसलमान झाला, ही बातमी मला ओढ्यावर धुणं धुताना कळली. सांगणारी माझी चुलतजाऊ होती. तिनं पिळा झटकला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुला ठावं असंलच म्हना. आमी परके." मला काहीच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणावं तर नवरा बायकोपासून लपवतो असं झालं असतं, आणि ठाऊक आहे म्हणावं तर बातमी खरी ठरली असती. मी लुगडं धोंड्यावर आपटत राहिले.

माझं माहेर पुसेगावचं. लग्न होऊन हट्ट्याला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. सासरी जमीन बऱ्यापैकी होती आणि ती मोठे दीर बघायचे. हे वसमतच्या शाळेत उर्दू शिकून आलेले. शेतात मन रमेना, म्हणून गावातल्या हकीमसाहेबांकडे दवा शिकायला जायला लागले. हकीमसाहेबांचं घर हट्ट्यातलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. आमच्या घरात कुणाला ताप आला की तेच यायचे, ओसरीवर बसून नाडी बघायचे. त्यांची पुडी आम्ही बिनधास्त घ्यायचो, फक्त पाणी आमचं असायचं. त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते हळूहळू. ह्यांनी शनिवारचं भजन सोडलं. जेवायच्या आधी हात कोपरापर्यंत धुवायला लागले. रमजानच्या महिन्यात दिवसभर जेवायला घरी आलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "गुरू उपाशी बसून राहिला अन्‌ मी त्याच्याम्होरं भाकर चावू का?" उत्तर साधं होतं. पण त्या सुमारास गावकुसाबाहेरची दोन घरं कलमा पढून मशिदीत जायला लागली होती. शहरातून दाढीवाले उपदेशक गाडीतून यायचे, आणि त्यांच्यामागं आमच्या बाजूचे, बाटलेल्यांना परत घेणारे शुद्धीवाले यायचे. जो तो दुसऱ्याच्या घरातली माणसं मोजत होता. अशा वेळी साध्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नाही. हे झोपले की मी त्यांच्या ओठांकडं बघायची, काही पुटपुटतात का म्हणून.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी एक दिवस मला चुलीपाशी बसवलं.

"तू बायको हायेस त्याची. मला सांगनार न्हाई तो. तू नजर ठेव."

"कशी ठेवू, आत्याबाई?"

"लेकराचं पोट बिघडलंय न्हवं? घेऊन जा हकिमाकडं. आत बायकांत बस. कान उघडे ठेव."

लेकराचं पोट खरंच बिघडलं होतं. तरी जाताना मला ते निमित्त आहे असंच वाटत राहिलं.

हकीमसाहेबांची बैठकीची खोली रस्त्याकडे होती. आत अंगण, आणि मध्ये जाड कापडाचा पडदा. त्यांच्या बीबीनं मला अंगणात चटईवर बसवलं, पोराच्या पोटाला हात लावून पाहिला, दवा मागायला बाहेर बैठकीत निरोप दिला. मग माझ्यासमोर बसल्या आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी आले कशासाठी हे त्यांना पुरतं कळलं असावं. पोरगं त्यांच्या पायाशी रांगायला लागलं तरी त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.

"बाई, एक इचारू?" त्या म्हणाल्या. "तुमचे मालक आमच्या मालकांना काय शिकवून राहिले?"

"ते शिकवतात?" मी चमकलेच. "ते तर शिकायला येतात."

"मग आमचे मालक उठून औंढ्याला काहून गेले? देवळाच्या बाहेर बसून भजन ऐकलं म्हणे. मशिदीतली मानसं मला इचारतात. मी काय सांगू?"

मी मनाशी धरून आले होते की हा म्हातारा माझा नवरा पळवतोय. आणि ही बाई माझ्याच नवऱ्यावर तोच आळ घेत होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. उलट वाटलं, ही फार हुशार आहे. माझं तोंड बंद करायला आधीच हे काढलं. तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असणार, कारण मग दोघी पडद्याकडं कान लावून बसलो.

पडद्यापलीकडं वाद चालला होता, आणि तो चोरून चाललेला नव्हता. आवाज चांगले चढलेले होते.

"मी तुला साफ सांगतो," हकीमसाहेब म्हणत होते, "तू कलमा पढावा असं मला वाटतं. रोज वाटतं. मला जे खरं वाटतं ते मी माझ्या शागिर्दाला सांगू नको, तर मी कसला उस्ताद?"

बीबीनं माझ्याकडं पाहिलं. 'बघ, आमचे पक्के आहेत' असं त्या नजरेत होतं.

"अन्‌ मी रोज न्हाई म्हनतो," हे म्हणाले. "मला वाटतं तुमचाबी देव खरा, आमचाबी खरा. मग मी काहून बदलू? तुमी एकच रस्ता धरून बसलात. आमचं मन मोठं हाये, साहेब."

"मोठं?" हकीमसाहेब म्हणाले. "बराबर. तू म्हनतो सगळे रस्ते एकच. पन माझ्या घरचं पानी तू पीत न्हाईस. मी म्हनतो रस्ता एकच, पन तुला माझ्या ताटात बसवायला मी तयार. आता सांग, मोठं मन कोनाचं?"

ह्यांनी उत्तराऐवजी उलट विचारलं, "ती गावकुसाबाहेरची दोन घरं तुमच्याकडं आली. त्यांना ताटात बसवलं तुमी. पन त्यांची पोरगी तुमच्या खानदानात सून म्हनून घेनार का?"

माझ्याशेजारी बीबीनं पदर तोंडाला लावला. हकीमसाहेब हळू म्हणाले, "न्हाई घेनार. माझी बीबीच तिला दारात उभी करनार न्हाई. हे तू खरं बोललास."

"मग तुमीबी खरं बोललात," हे म्हणाले. "पानी द्या."

मी उठून उभी राहिले. पडद्याच्या फटीतून मला पितळी पेला दिसला आणि ह्यांचा वर झालेला गळा दिसला. दारात दवा घ्यायला आलेली गावातली दोन माणसं उभी होती. त्यांनीही पाहिलं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

त्यानंतर मारुतीच्या पारावर गाव बसलं. आम्ही बायका देवळाच्या मागच्या भिंतीशी उभ्या होतो. मोठ्या माणसांनी ह्यांना सांगितलं, झालं ते झालं. प्रायश्चित्त घे, गोमूत्र पी, गावजेवण दे आणि सर्वांसमोर सांग की मी बाटलो नाही.

"पानी पिऊन मानूस बाटत असंल," हे म्हणाले, "तर मी काय सांगून उपयोग? अन्‌ बाटत नसंल तर प्रायश्चित्त कशाचं?"

"शब्दांत धरू नको. हिंदू हायेस का न्हाईस, एवढं बोल."

"ते तुमी मला इचारनार अन्‌ मी सांगनार, तवा मी हिंदू ठरनार का? मग न्हाई सांगत."

मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटला असं आता लिहिता येईल, पण ते खरं नव्हे. मला वाटलं, 'बाटलो नाही' एवढे दोन शब्द तोंडातून काढायला ह्यांना एवढं जड का जातंय? खरोखरच काही झालं असल्याशिवाय माणूस असा अडून बसेल का?

घरात त्यांचं ताट वेगळं झालं. ते ओसरीवर बसायचे आणि मी भाकरी वरून टाकायची. न्हावी येईना, म्हणून ते स्वतःच दाढी करायला लागले. मग एकदा दाढी केलीच नाही, तेव्हा आत्याबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू दाढी मीच वाढवली होती.

तिकडं हकीमसाहेबांचंही सुखाचं नव्हतं. पाण्याची गोष्ट ऐकून शहरातले उपदेशक त्यांच्याकडे आले. मोठ्या घरचा, शिकलेला हिंदू. त्यानं जमातीसमोर कलमा पढला तर पंचक्रोशीत नाव होईल, असं त्यांचं म्हणणं. हकीमसाहेबांनी नकार दिला. हे मला बीबीनंच सांगितलं. तोवर माझं त्यांच्याकडं जाणं सुरू राहिलं होतं; दोघींनाही एकमेकींवर नजर ठेवायची होती.

"म्हनले, त्याला तहान लागली, तो पानी प्याला. त्याला मी इस्लाम म्हनू का? ज्या दिवशी तो दिलानं येईल त्या दिवशी मी नाचत येईन. तुमच्या जलशासाठी त्याला ढकलनार न्हाई." बीबी कपाळाला हात लावून बसल्या. "आता मशिदीत लोक म्हनतात, हकीम आतून काफर झाला."

"अन्‌ तुमाला काय वाटतं?" मी विचारलं.

"तुमाला तुमच्या मालकाचं काय वाटतं?" त्यांनी उलट विचारलं. मी उठून घरी निघाले.

ईदला त्यांनी आमच्याकडं कोरड्या शेवया आणि साखर पाठवली. शिजवलेलं आम्ही घेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी ती शेवई चूल पेटवून घरीच केली, आणि ह्यांच्या ओसरीवरच्या ताटात वाढली. आत्याबाईंनी पाहिलं आणि ताट तसंच राहू दिलं. त्यांनी स्वतः खाल्ली नाही.

असेच दिवस गेले आणि मग ते वाईट वर्ष आलं. इंग्रज गेले होते, पण आमच्याकडं निजामाचंच राज्य होतं, आणि खाकी कपड्यांतले बंदूकवाले लोक गावोगाव फिरायला लागले. हट्ट्यातली कितीतरी घरं बायकापोरांना घेऊन शिवारात, तिथून पुढं वऱ्हाडाकडं गेली. आमच्या गल्लीत ते लोक आले तेव्हा शेजारच्या दोन घरांतलं धान्य गेलं, माणसांना मार बसला. आमच्या दारापाशी ते थांबले, कुणीतरी त्यांच्यातल्या एकाला काही सांगितलं, आणि ते पुढं निघून गेले.

आम्ही वाचलो. पण त्या वाचण्याचा आनंद एक दिवससुद्धा टिकला नाही. मार खाल्लेला शेजारी उंबऱ्यात येऊन म्हणाला, "तुमचं घर काहून सोडलं, हे आता सांगायची गरज न्हाई." मोठे दीर ह्यांच्यावर धावून गेले. "तू झालायस म्हनूनच सोडलं ना? बोल!" हे म्हणाले, "लोकांनी उठवलेली बातमी त्यांनीबी ऐकली असंल. तुमीच उठवली अन्‌ तिनंच तुमचं घर वाचवलं. आता मी काय करू?" दिरांनी वाटणी मागितली. आम्ही शेतातल्या छपरात राहायला गेलो.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली आणि बंदूकवाले पसार झाले. आता भ्यायची पाळी मुसलमान घरांची होती. ज्यांनी काही केलं होतं ते पळून गेले होते. जे घरी बसून राहिले ते सापडले. पुन्हा पारावर गाव जमलं आणि हकीमसाहेबांना आणून उभं केलं. त्यांचा सदरा खांद्यावर फाटलेला होता. गावानं ह्यांना शेतातून बोलावून घेतलं. मीही मागोमाग गेले.

जमलेल्यांत ज्याचा आवाज मोठा होता तो म्हणाला, "ह्यानं तुला बाटवायला जबरदस्ती केली, एवढं सांग. बाकी आमी बघतो."

हे एक शब्द कमीजास्त बोलले असते तर काय झालं असतं, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

"ह्यांनी मला रोज म्हटलं, आमच्या धर्मात ये," हे म्हणाले. लोक पुढं सरकले. मला वाटलं, संपलं. "रोज म्हटलं, अन्‌ तोंडावर म्हटलं. मी रोज न्हाई म्हटलं, तेबी तोंडावर. ते रागावले न्हाईत, मी रागावलो न्हाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाडी शिकवायला बसले. याला जबरदस्ती म्हनत असाल तर तुमी पारावर बसवून मला गोमूत्र पाजत होता, त्याला काय म्हनायचं?"

मग मागून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "माझ्या नातवाला ह्याच हकिमानं जगवलं. जाऊ द्या त्याला." आणि माणसं पांगायला लागली. मन पालटलं म्हणून पांगली असं मला वाटत नाही. 'मी नाही म्हटलं' हे ह्यांच्या तोंडून गावाला वर्षानुवर्षं ऐकायचं होतं, ते मिळालं होतं. तरी जाताना एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "आता वारा फिरला, म्हनून बोलला."

हकीमसाहेब थंडीच्या दिवसांत नांदेडला, बीबीच्या भावाकडं निघून गेले. आम्ही दोघं गाडीपाशी निरोप द्यायला गेलो. ह्यांनी आणि हकीमसाहेबांनी बराच वेळ एकमेकांचे हात धरले होते, आणि त्याही वेळी हकीमसाहेब काहीतरी समजावत होते, हे मान हलवत होते. बीबीनं मला जवळ घेतलं. माझ्या कानाशी म्हणाल्या, "आजबी तेच सांगून राहिले बघा, कलमा पढ म्हनून. माझं मन हलकं झालं." त्यांचा संशय फिटला. मला त्यांचा हेवा वाटला.

ह्यांनी मग स्वतः दवा द्यायला सुरुवात केली. जवळा बाजार या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी बसायचे. हिंदू यायचे, मुसलमान यायचे, तांड्यावरची माणसं यायची. भजनाला ते पुन्हा गेले नाहीत आणि मशिदीतही कधी गेले नाहीत. मी एकदा सरळ विचारलं. ते खलबत्त्यात काहीतरी कुटत होते. म्हणाले, "साहेबांनी दोन गोष्टी अशा इचारल्या की मला उत्तर आलं न्हाई. मी दोन अशा इचारल्या की त्यांना आलं न्हाई. त्याच घेऊन बसलोय." आणि पुन्हा कुटायला लागले.

म्हातारपणी आत्याबाई मोठ्या दिरांकडून आमच्याच छपरात राहायला आल्या. मुलाच्या हातची दवा घ्यायच्या, आमच्या चुलीवरचं खायच्या. एका दुपारी हे बाजाराला गेलेले पाहून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आता मी जायची. मला खरं सांग. तो झाला होता का न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले.

इतक्या ठामपणे म्हणाले की त्यांनी मान वळवून, इतकी वर्षं ह्यांच्याकडं बघायच्या तसं, माझ्याकडं नीट निरखून पाहिलं.