टिचक्याचा गळा

रंभाआत्या रोज सकाळी मागच्या दारात मशेरी लावत बसायची. समोरच्या घाणेरीच्या झुडपातून 'टक' असा आवाज आला की तीही जीभ टाळूला लावून 'टक' करायची. मग तिकडून 'टक टक'. तोंड धुऊन होईपर्यंत दोघांचं हे चालायचं.

झुडपातल्याला तिने धड पाहिलेलं नव्हतं. पानांआड सरकणारी भुरकट पाठ, एवढंच. नाव मात्र तिनेच ठेवलं होतं, टिचक्या. पुस्तकात त्याला वेळू वटवट्या म्हणतात. पार रशियाकडच्या झुडपांत त्याचा जन्म होतो. दोन चमचे साखरेएवढ्या वजनाचा हा जीव पाऊस ओसरता ओसरता रात्री-रात्री उडत इकडे येतो. एक झुडूप धरतो, त्यातले किडे खातो आणि दुसऱ्या वटवट्याला आत शिरू देत नाही. पुढच्या वर्षी बहुधा त्याच झुडपात परततो. करंजाडे गावात आत्याच्या घराच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उठले, तरी त्याला आत्याचं झुडूप बरोबर सापडायचं.

आत्या धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला गाणारी, म्हणजे एक प्रकारे लग्न लावणारीच. पण थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज फाटला आणि तिने लग्नांना जाणंच सोडलं. "टिचक्याला न् मना एकच रोग," म्हणायची. "गला नाय."

अशात तिच्या भाचीचं, रियाचं लग्न ठरलं. एप्रिलात, उलव्याच्या हॉलवर. रिया हटून बसली, "धवला आत्याच बोलनार."

रियाचा भाऊ हृतिक हळदीला डीजे लावणारा. त्याने तोडगा काढला. "आत्या, मी रेकॉर्ड लावतंय. तू नुसते ओठ हलव."

"तू हलव तुजे, घोड्यावर बसशील तवा!" आत्या म्हणाली. पण मग तिच्या मनात आलं, सगळ्या भावकीसमोर आवाज फुटला तर? दोन दिवसांनी तिनेच हळूच विचारलं, "ती रेकॉर्ड नीट वाजते ना रं?"

लग्नाच्या आठवड्यात एका पहाटे झुडपातून गाणं आलं. अगदी दबक्या आवाजात. एक तुकडा पाच-सहा वेळा घोळवायचा, मग पुढचा. मध्येच बुलबुलाची नक्कल, मध्येच कोतवालाची. आत्या भडकली. दुसऱ्याच कुणी पाखराने टिचक्याची जागा घेतली, असं तिला वाटलं. तिने खडा भिरकावला. गाणं थांबलं. क्षणभराने त्याच फांदीतून रागावलेलं 'टक! टक!' आलं.

आत्या मशेरीचं बोट तोंडात तसंच ठेवून बघत राहिली. "लबाडा! येवढे दिस गला लपवून बसलास?"

हे वटवटे हिवाळाभर नुसते टकटक करतात आणि परत निघायच्या सुमारास असे दबकत गाऊ लागतात. आत्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. दोन-तीन पहाटा तिने ऐकलं, मग पदर तोंडाशी धरून आपणही हळू सुरू केलं.

उलव्याच्या हॉलवर हृतिक रेकॉर्ड लावायला वाकला, तसा आत्याने त्याचा हात बाजूला केला. माइकही नको म्हणाली. खालच्या पट्टीत तिने एक ओळ धरली, तीच घोळवली, मग पुढची. तिसऱ्या ओळीला आवाज चिरला. आत्या थांबली नाही. पुढे बसलेल्या बाया ओळ उचलायला लागल्या आणि हृतिकने बाहेरच्या पोराला ओरडून घरघरणारा जनरेटर बंद करायला लावला.

घरी परतली तेव्हा झुडूप गप्प होतं. टिचक्या गेला होता.

पुढचा पावसाळा आत्याने मागच्या दारात गाण्यात घालवला, हृतिकच्या लग्नासाठी. सप्टेंबरात एका रात्री ती झोपेतच गेली. त्या संध्याकाळी रिया आली होती. डास फार झाले म्हणून ती मागचं दार लोटायला गेली, तशी आत्या आतून म्हणाली, "र्‍हाव दे गो उघडा, तो यायचा झालाय. तू कॉइल लाव."