ओली काच

उभ्या कल्याणात आमच्या फोटोवाल्या काकांइतका खोटेपणा कुणी केला नसेल, आणि त्याबद्दल इतके आशीर्वादही दुसऱ्या कुणाला मिळाले नसतील. तोंडाने ते कधी खोटं बोलले नाहीत. त्यांचं सगळं खोटं पेन्सिलीने चाले. वडिलांचे हे मावसभाऊ. लग्नाच्या मुलीचा फोटो काढायचा तर यांच्याच स्टुडिओत, असा डोंबिवलीपर्यंत रिवाज होता. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने ते देवीचे व्रण बुजवत, मुरमं घालवत, नाकं सरळ करत. त्यांच्या काचांवर लाल रंग काळाकुट्ट उमटायचा, म्हणून लाल रंगाशी त्यांचं जन्माचं वैर. एकदा तर हाताच्या सवयीने त्यांनी एका सुवासिनीचं कुंकूच घालवलं, तेव्हा तिच्या यजमानांना स्टुडिओत येऊन आपण हयात असल्याचं सांगावं लागलं. रस्त्यात कुणी भेटलं की आधी त्याची हनुवटी बोटाने वर करायचे आणि मग ख्यालीखुशाली विचारायचे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना उठून त्यांनी भटजींना अंतरपाट खिडकीकडे घ्यायला सांगितला, कारण नवरीच्या गालावर उजेड पडत नव्हता. भटजींनी घेतलाही.

छप्पन-सत्तावन्न सालची गोष्ट असेल. माझी धाकटी बहीण कुसुम तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या उजव्या डोळ्यात जखम चिघळली, आणि ती भरता भरता पांढऱ्या भागातल्या लाल शिरा काळ्या भागावर चढू लागल्या. तिथे एरवी शीर नसते, काचेसारखं स्वच्छ असतं, हे आम्हाला ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. शिरा बाहुलीपर्यंत पोचल्या की फूल पडणार आणि तो डोळा जाणार. नवीन निघालेले थेंब त्यांनी मुंबईहून मागवले, पण तेही फार दिवस घालण्यासारखे नव्हते. महिन्याभरात शिरा मागे हटल्या तर ठीक, नाहीतर थेंब बंद आणि त्या डोळ्याची आशा सोडायची. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून सुरुवातीचा आणि महिन्यानंतरचा असे दोन फोटो त्यांना हवे होते. आईने लगेच काकांचं नाव काढलं.

काकांनी कॅमेऱ्याचा भाता हातभर लांब ओढला, कुसुमला खिडकीशी बसवलं, तिचं डोकं खुर्चीला उपरण्याने बांधलं आणि तिने पापणी लवू नये म्हणून स्वतःचा श्वास रोखून धरला. चार दिवसांनी मोठ्या ऐटीत ते आमच्याबरोबर ठाण्याला आले. डॉक्टरांनी फोटो पाहिला, कुसुमचा डोळा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. फोटोतला डोळा हरिणीचा होता. एकही शीर नाही.

"मुलगी लग्नाची आहे, डॉक्टर," काका अभिमानाने म्हणाले. "डोळ्यातलं सगळं काढून टाकलंय. दोन रात्री बसलो."

डॉक्टर त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका त्या दिवशी कुणाची हनुवटी न उचलता घरी आले. मग टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्यांनी आपलीच कारागिरी पुसली, तेव्हा काचेवर चार शिरा पुन्हा दिसू लागल्या. त्यातली एक बाहुलीच्या अगदी कडेला टेकली होती. ती पाहून ते खालीच बसले. पुतणीच्या डोळ्यात काय चाललंय हे त्यांना तोवर खरं कळलंच नव्हतं.

महिनाभर आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. दुसरा फोटो काढला त्या दिवशी काकांनी मला डार्करूममध्ये शेजारी उभं केलं. म्हणाले, माझ्या हाताचा मला भरवसा नाही, तू लक्ष ठेव. काच धुऊन झाली, पण ती वाळवायला ते तयार होईनात. पितळी परातीत पाणी, पाण्यात काच, आणि ती परात मांडीवर घेऊन हा साठीचा माणूस आम्हा सगळ्यांबरोबर कल्याणहून ठाण्याला निघाला. दुपारची गाडी रिकामी होती, तरी धोतर मुंब्र्यापर्यंतच ओलं झालं.

डॉक्टरांनी निथळणारी काच खिडकीच्या उजेडात धरली. दोन शिरा नाहीशा झाल्या होत्या. उरलेल्या दोन केसासारख्या बारीक होऊन बाहुलीपासून लांब राहिल्या होत्या. डॉक्टरांनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं सांगा, हात लावला नाहीत ना?"

"ओली आहे, डॉक्टर," काका म्हणाले. "ओल्या काचेवर पेन्सिल चालत नाही."

मग डॉक्टरांनी कुसुमचा डोळा भिंगातून बराच वेळ पाहिला आणि काच खरं बोलते आहे, असं सांगितलं. आई तिथेच रडली. काका परातीतलं पाणी बाहेरच्या तुळशीला घालून आले, आणि परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले की, आपण काही न करता इतका चांगला फोटो आजवर आला नव्हता.

पुढे कुसुमचं लग्न झालं आणि ती डोंबिवलीला राहू लागली. काकांना म्हातारपणी दिसेनासं झालं, स्टुडिओही गेला. कुसुम दर रविवारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला यायची. पहिली बातमी संपली की काका हळूच म्हणायचे, "आता उजव्याने वाच गं." मग ती डावा डोळा तळहाताने झाकायची आणि पुढची बातमी वाचायची. काका बातमी ऐकत नसत. ती कुठे अडखळत नाही ना, एवढंच ऐकत.