कापसात माणूस उसळत नाही

कापसाचा हंगाम आला, घरोघरी पांढऱ्या ढिगांच्या गंज्या लागल्या, की एक जुनी केस माझ्यासमोर येऊन कडक सॅल्यूट ठोकते. मी तेव्हा तेल्हारा भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दरोडे पाहिले होते, खून पाहिले होते, एका बांधावरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर केलेल्या सत्तावीस तक्रारी एका चहात मिटवल्या होत्या. पण मला खरा घाम फोडला तो दहा वर्षांच्या एका पोरानं.

शनिवारी सकाळी हजेरी आटोपली आणि दवाखान्यातून मेमो आला : मुलगा, वय दहा, उंचीवरून पडून मनगट मोडले. असा मेमो आला की जबाब घ्यावाच लागतो. हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार म्हणजे चालता डोंगर. तो जीपमध्ये डावीकडे बसला की उजवी चाकं रस्त्याचा निरोप घ्यायची.

पोराच्या हाताला प्लास्टर, शेजारी आई. कसा पडलास विचारलं तर म्हणे, "पाय घसरला." एवढंच. पोर खोटं बोलतं तेव्हा वाक्य आखूड करतं आणि आईकडे बघायचं टाळतं. मी पडण्याचा विषयच सोडून दिला. म्हटलं, "बरं, पुढची उडी कुठून?"

गडी फुलला. "उद्या मोठ्या गंजीत! काल भिंतीवरून मारली, पण कापूस कमी होता म्हणून लागलं. उद्या दहा वाजता दोन मजल्यावरून हाये. सहा पोट्टे मारतीन, मी शूटिंग करतो."

आईच्या हातातला पाण्याचा गिलास खाली पडला.

पोरानं मोबाईल दाखवला. गॉगल लावलेला एक तरुण दुमजली छतावरून खाली कापसाच्या गंजीत उडी घेतो, टुणकन उसळतो, पायावर उभा राहतो आणि हात जोडून म्हणतो, "रविवारी तुमची उडी पाठवा. सगळ्यात भारी उडी माझ्या चॅनेलवर!"

आता कबूल करायची गोष्ट. तो व्हिडिओ मी पाहिला, हवालदारानं पाहिला, आणि आम्हा दोघांच्या तोंडून "वा!" निघालं.

"कापूसच तर हाये साहेब," हवालदार म्हणाला, "कापसावर पडून कोणाले लागते?"

मीही मान डोलावली. वऱ्हाडी माणूस एक वेळ जावयावर विश्वास ठेवणार नाही, पण कापसावर ठेवतो. त्यावर जन्म घेतो, त्यावर झोपतो, त्यावर लग्नं लावतो. कापूस आपल्याला मारेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

आई आठ एकर काळ्या जमिनीची मालकीण. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की खांद्यावरचे तारे गळून पडतात की काय असं वाटलं.

"साहेब, तुमी कधी कापूस तुडवला काय?"

नव्हता तुडवला. गाडीत कापूस भरताना तो दबावा म्हणून माणसं वर चढून तुडवतात, हे फक्त पाहिलं होतं.

"मी लहानपणापासून तुडवून राह्यली. मोकळ्या कापसात माणूस कमरेइतका रुतते. हा तर रबरी चेंडूवानी उसळला! अन् गंजीले खड्डा कुठी पडला? याचा आवाज बंद करा आधी. याच्या बोलण्यानंच तुमाले काही दिसत नाही."

आवाज बंद करून पुन्हा पाहिलं. बाप रे! खड्डा नाही. आणि तो गंजीला टेकायच्या क्षणी चित्र हलकेच झटका खातं. तिथं व्हिडिओ कापून जोडला होता. माझी सगळी नोकरी एका पारड्यात आणि दवाखान्याच्या बाकावरची ती बाई दुसऱ्या पारड्यात. माझं पारडं आभाळाला लागलं.

"छताले कुलूप ठोकू," हवालदार म्हणाला.

"एका छताले ठोकान तुमी, भाऊ. कापूस घरोघर हाये."

खरं होतं. कुलूप छताला लागतं, पोराच्या मनाला लागत नाही. मनात बसलेला तो हिरोच खाली उतरवायला हवा होता. हाती चोवीस तास होते.

जीप अशी पळवली की अकोला कधी मागे गेलं ते अकोल्यालाही कळलं नाही. दुपारी अमरावतीत. स्थानिक सहकाऱ्यांनी हिरोचा पत्ता राजापेठेत काढून ठेवला होता. त्या गल्लीत ट्यूशन क्लासच्या पाट्या इतक्या, की आकाश बघायलासुद्धा अ‍ॅडमिशन घ्यावी लागेल. हिरो बावीस वर्षांचा, खोलीत आरशासमोर केस बसवत होता.

"खाली काय होतं?"

"फक्त कापूस, सर. बाकी आपली प्रॅक्टिस."

"काहून बे," हवालदार गुरकावला, "तू काय माकड हायेस?"

मी त्याला गप्प केलं. चहा मागवला, हिरोचं कौतुक केलं, आणि त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत उतरवून घेतला : 'खाली फक्त कापूस होता. ही उडी कोणीही मारू शकतो.' कागद पुढे सरकवला.

"सही कर. उद्या दहा वाजता सहा पोरं तुझ्या भरवशावर उडी मारणार आहेत. एखाद्याचं बरंवाईट झालं तर हाच कागद कोर्टात वाचला जाईल."

कॅमेऱ्यापुढे माणूस चंद्रावर उडी मारल्याचंही सांगतो. सहीच्या जागेवर मात्र पेन जड होतं. हिरोनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग गॉगल काढला. "सर, खाली अकरा गाद्या होत्या. वर नुसता थर होता कापसाचा. कमरेला दोरी होती, ती नंतर व्हिडिओतून पुसली. तरी पहिल्या चार वेळा पाय मुरगळला." खरा जबाब घेतला, न कापलेलं चित्रीकरण ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची नोटीस त्याच्या हातात दिली.

रविवार. दहा वाजता सहा पोट्टे छतावर, खाली अंगणात गंजी, आणि भोवती गर्दी अशी की गावची कुत्रीसुद्धा जागा धरून बसली होती. हिरो आला. पोरांनी शिट्ट्यांनी आभाळ फाडलं. तो छतावर गेला, त्यांना सगळं चित्रीकरण दाखवलं, गाद्या दाखवल्या, दोरी दाखवली. वाटलं, जिंकलो.

पण पोरांची म्होरकी, बारा वर्षांची एक पोरगी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी भेले, म्हणून सांगून राह्यले! आमी नाई भेत." आणि कठड्यावर चढली.

माझं काळीज बुटात गेलं. मी जिन्याकडे धावलो, पण माझ्या आधी प्लास्टरवाल्या पोराची आई वर पोचली होती. काखेत एक जंगी कोहळं. पोरीला ओढलं नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बाई, तुह्या आधी याचा नंबर." आणि कोहळं खाली सोडून दिलं.

कापूस दुभंगला. धप्प! असा आवाज आला की हवालदारसुद्धा हलला. आईनं वरूनच ओरडून त्याला कापूस बाजूला करायला लावलं. फरशीवर कोहळ्याच्या चार फाकी पडल्या होत्या.

म्होरकीनं खाली पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि कठड्यावरून आतल्या बाजूला उतरली. तिच्या मागून एकेक करत बाकीची पाचही पोरं जिन्यानं खाली आली. त्या जिन्यावरच्या सहा जोड्या चपलांचा आवाज! आमच्या परेडला असा ठेका कधी लागला नव्हता. मी तिथंच आईला सॅल्यूट ठोकला.

या केसनं मला शिकवलं की व्हिडिओतली उडी किती भयंकर आहे यावरून धोका मोजू नये. रेल्वेवरून मोटार उडवणारा नट बघून कुणी पोर रेल्वे आणायला जात नाही. धोका त्या व्हिडिओत, ज्यातलं सगळं सामान आपल्या घरात आहे : छत, दोरी, सायकल, कापूस. तिथं आईबापांनी पोराशेजारी बसावं, आवाज बंद करावा आणि विचारावं, खाली काय लपलंय, चित्र कुठं तुटलंय, फसलेल्या उड्या कुठं गेल्या?

परवा चांदूर बाजारला पालकांच्या सभेत हेच सांगितलं. एक बाप उठला. "साहेब, त्यापेक्षा मोबाईलच फोडून टाकू काय?"

म्हटलं, "फोडू नका. आज संध्याकाळी पोराला घेऊन एक व्हिडिओ आवाज बंद करून पाहा आणि मला फोन करा."

फोन आला. बाप काही बोलायच्या आत मागून पोराचा विजयी आवाज ऐकू आला, "बाबा, सापडलं! इथं कापलं हाये!"