सासऱ्यांच्या मिशीतली कुसळं

निवडुंगाला काटे असतात हे मला माहीत होतं. कुसळंही असतात, हे सासऱ्यांमुळे कळलं.

केंब्रिजला आमच्या घरामागे कम्युनिटी गार्डन आहे. तिथल्या काचघरात मार्गारेट नावाच्या निवृत्त भूगोल शिक्षिकेनं एक वाळवंट तयार केलंय. वाळू, दगड, आणि मूळच्या वाळवंटातल्या, पण खाता येतील अशा वनस्पती. एरवी त्या वाळवंटाला हीटर लावावा लागतो. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र पाऊस गायबच झाला, काचघर तापलं आणि फड्या निवडुंगाला लालबुंद बोंडं लागली. रविवारच्या हार्वेस्ट लंचला ती सगळ्यांना चाखवायची असं मार्गारेटनं ठरवलं. पण तोडणार कोण? मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली.

मी हात वर केला. आमचं मूळ गाव दुष्काळी, निवडुंग तिथे कुंपणालाच असतो, असं बरंच काही बोललो. (वाढलो मी कोथरूडला. तिथे कुंपणाला सोसायटीची भिंत होती.) माझी बायको मेधा डॉक्टर आहे. इंटरनेटवर वाचून आलेल्या पेशंटकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

शनिवारी किचनमधला टॉवेल हाताला गुंडाळून मी बोंडं तोडली. मोठे काटे शिताफीनं चुकवले. घरी येऊन बोंडं सिंकशेजारी ठेवली आणि टॉवेल जागेवर अडकवला. बोटं चुरचुरत होती, पण पराक्रमानंतर तेवढं व्हायचंच.

सासू-सासरे तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. सासरे निवृत्त तहसीलदार. बोलणं मोजकं, मिशी भरघोस. ते फिरून आले, सिंकवर तोंड धुतलं आणि हाताला लागला तो टॉवेल घेऊन मन लावून चेहरा पुसला. मग शांतपणे मला विचारलं, "निखिलराव, इथे टॉवेलला स्टार्च करतात का?"

पाच-दहा मिनिटांत त्यांना शिंका सुरू झाल्या, गाल लाल झाले. मेधानं टॉर्च धरून बघितलं, तर चेहराभर निवडुंगाची बारीक, केसासारखी कुसळं. तिनं चिमटा घेतला आणि गालांवरची एकेक काढली. मिशीपुढे मात्र तिनं हात टेकले. बाबांचा केस कुठला आणि निवडुंगाचा कुठला, हे तिच्या मेडिकल डिग्रीलाही सांगता येईना.

"बाबा, मिशी काढावी लागेल," ती म्हणाली.

ती मिशी लग्नाआधीपासूनची. सासूबाईंनीही तिच्याखालचा ओठ कधी पाहिला नव्हता. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. जमिनीच्या दाव्यांचे निकाल ते याच नजरेनं देत असणार. मी माझा नवाकोरा रेझर पुढे केला. तो त्यांनी माझ्या हातून घेतला नाही, मेधाच्या हातून घेतला.

ते बाथरूममधून बाहेर आले तेव्हा सासूबाई खुर्चीतून उठून जवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, किती छान दिसताय. इतकी वर्षं उगीच झाकून ठेवलंत."

आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सासरे आरशात बघायला पुन्हा आत गेले, ते लवकर आलेच नाहीत. जेवताना सासूबाईंनी त्यांना पोळी आग्रहानं वाढली. माझी मलाच घ्यावी लागली.

बोंडांची सालं मेधानं चिमट्यात धरून काढली, रस फडक्यातून दोनदा गाळला आणि गुलाबी सरबत केलं. लंचला ते सगळ्यांना आवडलं. मार्गारेटनं 'आमचे वाळवंट-तज्ज्ञ' म्हणून माझ्यासाठी टाळ्या मागितल्या. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दुसरा ग्लास मागून घेतला. झालं गेलं ते विसरले, असं मी धरून चाललो.

महिनाअखेरीस त्यांना हीथ्रोला सोडायला गेलो. चेक-इन काउंटरवरची मुलगी पासपोर्टवरच्या भरघोस फोटोकडे आणि समोरच्या गुळगुळीत माणसाकडे आळीपाळीनं बघायला लागली. शेवटी तिनं अतिशय अदबीनं विचारलं, अलीकडे काही बदल झालाय का?

सासऱ्यांनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं.

"माय सन-इन-लॉ," ते म्हणाले, "डज गार्डनिंग."

तिनं मला नीट न्याहाळलं आणि एकही प्रश्न न विचारता त्यांचा पासपोर्ट परत दिला.