अवकाशातली पाळी

बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी खेळ लावायची मुभा होती. कॉम्प्युटरकडून हरला त्याने खुर्ची सोडायची, पुन्हा नंबर पुढच्या रविवारी. अवकाशात साम्राज्य उभारायच्या त्या खेळात सगळ्यांत आधी मीच उठायचो. तयारी चोख असायची; कुठल्या ग्रहावर शेती, कुठल्या ग्रहावर कारखाना, हे निमगावहून एसटीत ठरवूनच यायचो. पण पडद्यावर ‘टर्न’ दिसला की मला कालव्याची पाळी आठवायची. रेंगाळलात तर पाटकरी पाणी पुढच्याच्या रानात वळवणार. मग घाईघाईत अर्धे हुकूम देऊन मी टर्न संपवायचो आणि माझी जहाजं नुसतीच उभी राहायची.

अखेर मागे नंबर लावून बसलेला कळस गावचा मित्र वैतागला. “आरं, हितं पाटकरी न्हाय. तू बटण दाबस्तवर पाळी तुझीच हाय.”

हे कळल्यावर मी शिस्तीत कामाला लागलो. प्रत्येक ग्रह तपासला, कर वाढवले, कमी केले, जहाजांचा क्रम लावला, मग बदलला. बटणाला हातच लावला नाही. त्या रविवारी मी हरलो नाही.

क्लास बंद व्हायला आला तेव्हा मित्र म्हणाला, “दाब की आता. रानाचं तळं झालं.”