वहिनींसोबत सारस पाहायला

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या कुडव्यातल्या शेजारच्या वहिनी आज सकाळीच दारात आल्या. "मले सारस पक्षी पाहाले नेशीन का वं?"

मला ऑफिसला जायचं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला, सुटी टाकली आणि स्कूटी काढली.

त्यांचे यजमान राइस मिलमध्ये कामाला होते. लग्न झाल्यापासून म्हणायचे, "सीझन संपला का सारस पाहाले जाऊ." कितीतरी सीझन संपले, जाणं काही झालं नाही. दिवाळीनंतर ते अचानक वारले.

आम्ही तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसलो. मी वहिनींच्या जवळ सरकले, तर त्या म्हणाल्या, "तिथं नको बसू वं." मी उठून त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले.

बऱ्याच वेळानं समोरच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सारसाची जोडी उतरली. दोघांनी माना वर करून एका सुरात अशी हाक दिली की अंगावर काटा आला. वहिनी चक्क हसल्या. मग त्या रिकाम्या बाजूला वळून हळूच म्हणाल्या, "पाहिलं का जी?"

आणि उत्तर ऐकू आल्यासारखी मान डोलावली.

मी तिकडं पाहिलं. गवताशिवाय काहीच नव्हतं. तरी निघताना त्या जागेवर माझा पाय पडेना, मी वळसा घालून गेले.

घरी आले, पण वहिनींचं ते "पाहिलं का जी?" कानातून जात नाही.

तुमच्या घरात कुणाचं असं काही साधंसं मागणं राहून गेलं आहे का?