दादाने मला ड्रॅगनसमोर पाठवलं

मंडळी, हे आज दुपारचंच. पवनीला घरी दादा मोबाईलवर जपानी लढाईचा गेम खेळत होता. सैनिकांना त्याने घरच्यांचीच नावं दिलीत. या गेममध्ये मेलेला सैनिक परत येत नाही.

माझ्या नावाची तिरंदाज पोरगी त्याने एकटीच ड्रॅगनसमोर पाठवली.

"दादा, मलेच काहून?"

"लगन झालं का तू त चालली जाशीन. तुह्यावर मेहनत कायले करू?"

ड्रॅगन मला जाळण्यात गुंतला, तेवढ्यात बाकीच्यांनी त्याला मारलं. दादा खूश झाला. आई हसून म्हणाली, "खेळच त हाये, रडतेस कायले?"



खरं सांगा, तुमच्या घरी एकाला मरायला पाठवायचं असेल, तर आधी कोणाचं नाव निघेल?